एका मेगापिक्सेलचा शनी

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डी गावातल्या कुणाच्याही खिशातला मोबाइल बाहेर काढा. त्याचा कॅमेरा बहुधा पन्नास मेगापिक्सेलचा असेल, अगदीच जुना असला तर तेरा. शनीभोवती तेरा वर्षं फिरून जगाला वेड लावणाऱ्या कॅसिनी यानाचा कॅमेरा होता एक मेगापिक्सेलचा. आडवे १०२४ ठिपके, उभे १०२४ ठिपके, संपलं. तेही काळे-पांढरे. रंग हवा असेल तर भिंगापुढे लाल, हिरवी, निळी अशी एकेक काच आणायची, तीन वेगळे फोटो काढायचे आणि पृथ्वीवर ते एकावर एक बसवायचे. मधल्या काळात यान पुढे सरकलेलं, चंद्र पुढे सरकलेला. म्हणून घाईत जुळवलेल्या रंगीत फोटोत एखादा चिमुकला चंद्र लाल, हिरवा आणि निळा असा तीनदा दिसतो.

एवढ्या सामग्रीवर कॅसिनीने साडेचार लाखांवर फोटो पाठवले. दूरच्या बर्फाळ चंद्रांचे आणि ग्रहांच्या कड्यांचे जे फोटो आपण भिंतीवर लावतो, ते बहुतेक अशाच गरिबीतले आहेत. कॅमेरा बेताचा, उजेड बेताचा, फोटो पाठवायची वाट त्याहून बेताची. सारी करामत कुठे उभं राहायचं आणि कधी बटण दाबायचं यात.

शनीची तेरा वर्षं

शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं राहतो. तीन राशींची होते साडेसाती आणि बारा राशींचं त्याचं एक वर्ष, म्हणजे आपली साधारण साडेएकोणतीस वर्षं. कॅसिनी १ जुलै २००४ ला शनीच्या कक्षेत शिरलं आणि १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्याच ढगांत घुसून जळालं. तेरा वर्षं शनीच्या दारात काढूनही त्याला शनीचं निम्मं वर्ष काही बघायला मिळालं नाही. शिंगणापूरला तेल वाहणाऱ्यांनी हिशेब करावा.

शेवटची उडी ठरवूनच होती. इंधन संपत आलेलं. भरकटलेलं यान एखाद्या चंद्रावर आपटलं असतं, तर पृथ्वीवरून चिकटून आलेले जंतू तिथे पोचण्याचा धोका होता. ज्या चंद्राला सगळ्यात जास्त जपायचं होतं त्याचं नाव एन्सेलाडस.

पुणे ते हैदराबाद, एक चंद्र

कासुर्डीवरून जाणारा सोलापूर रस्ता पुढे हैदराबादला पोचतो. पुणे ते हैदराबाद विमानाचं अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. एन्सेलाडसचा व्यास ५०४ किलोमीटर. म्हणजे हा अख्खा चंद्र महाराष्ट्रात आडवा ठेवला तरी विदर्भाकडे जागा उरेल. अंगावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड तो परत फेकतो. सूर्यमालेत इतकं पांढरं दुसरं काही नाही.

इतकी छोटी वस्तू केव्हाच गोठून गप्प झालेली असणार, असंच कुणालाही वाटेल. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनीच्या चुंबकमापकाला मात्र इथे काहीतरी वेगळं जाणवलं. मग नोव्हेंबरमध्ये यानाने एक जागा साधली: समोर एन्सेलाडस, त्याच्या मागे सूर्य. लग्नात स्टेजवरचा फोटोग्राफर जे कटाक्षाने टाळतो, नेमकं तेच. चंद्राची नुसती काळपट कोर दिसली आणि तिच्या खालच्या टोकातून, दक्षिण ध्रुवाकडून, पांढरी कारंजी उसळताना दिसली. बर्फाचे बारीक कण समोरून पडलेल्या उजेडात दिसतच नाहीत, मागून उजेड आला की झळाळतात. पाऊस पडून गेल्यावर रात्री हायवेवर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत काचेवरचा प्रत्येक थेंब उठून दिसतो, त्यातलाच प्रकार.

पुढे अशी शंभराहून जास्त कारंजी मोजली गेली. ती ज्या लांबलचक भेगांतून निघतात त्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिलं वाघाचे पट्टे. कॅसिनी त्या फवाऱ्यातून अनेकदा गेलं, एकदा तर पृष्ठभागापासून अवघ्या पंचवीस किलोमीटरवरून. फवाऱ्यात मीठ सापडलं, सेंद्रिय रेणू सापडले. यान जळून सहा वर्षं झाल्यावर, २०२३ मध्ये, त्याच्या जुन्या नोंदींतून फॉस्फेटही निघालं. बर्फाखाली खारा समुद्र आहे. शनीचं रुंद, धूसर असं ‘ई’ कडं या चंद्राच्या फवाऱ्यातूनच बनतं. कड्यातल्या चंद्रांच्या गोष्टी आपण ऐकतो. इथे चंद्रच कडं घडवतो आहे.

बागलकोटचा गणिती आणि एक-दोन-तीन

आता थोडं मागे, १९११ सालात. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या बागलकोटला व्यंकटेश बापूजी केतकर नावाचे ज्योतिर्गणिती होते. जन्म १८५४, नरगुंदचा. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ त्यांचे. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळलं पाहिजे यासाठी आयुष्य घालवलेला माणूस. दुर्बिणीपेक्षा त्यांचा भरवसा आकडेमोडीवर.

गुरूच्या आतल्या तीन मोठ्या चंद्रांची एक गंमत फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात मांडली होती. आयो एक फेरी घालतो पावणेदोन दिवसांत, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सात दिवसांत. दर वेळी दुप्पट. युरोपाच्या एका फेरीत आयोच्या दोन, गॅनिमीडच्या एका फेरीत आयोच्या चार. केतकरांनी विचार केला की असाच ताल बाहेरच्या ग्रहांत का नसावा? युरेनसचं वर्ष ८४ वर्षांचं, नेपच्यूनचं १६५ वर्षांचं. जवळपास एकास दोन. मग एक-दोन-तीनमधला तिसरा कुठे आहे? फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी उत्तर छापलं: नेपच्यूनच्या पलीकडे एक ग्रह असावा, सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे ३९ पट अंतरावर, एका फेरीला सुमारे २४२ वर्षं घेणारा. नाव सुचवलं ब्रह्मा.

१८ फेब्रुवारी १९३० ला अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉने प्लूटो शोधला. सरासरी अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी वारले.

यात नशिबाचा वाटा होता हे कबूल केलंच पाहिजे. त्या काळात नेपच्यूनपल्याडच्या ग्रहाचे आकडे मांडणारे लॉवेल, पिकरिंग असे आणखीही होते आणि सगळ्यांचेच पाय कमी-अधिक घसरले. इतरांनी प्लूटोच्या ओढीने बाकी ग्रह किती हलतात यावर गणित रचलं आणि प्लूटो तर इतका हलका निघाला की तो कुणाला हलवूच शकत नाही. केतकरांचा धागा वेगळा होता, तालाचा. तो ताल खरा निघाला. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या बरोबर दोन होतात, हे १९६० च्या दशकात संगणकाने दाखवलं. आपल्याकडे केतकरांचं नाव पंचांगाच्या वादात जितकं निघतं तितकं प्लूटोच्या संदर्भात निघत नाही, हे मला विचित्र वाटतं.

चुकून दिसलेला ज्वालामुखी

तोच लाप्लासचा ताल आयोला सतत पिळतो. शेजारचे चंद्र ठराविक वेळी ठराविक जागी ओढतात, त्यामुळे आयोची कक्षा कधी पुरती गोल होत नाही, गुरू त्याला कधी जास्त ताणतो कधी कमी, आणि या मळण्याने आतला खडक तापतो. तीन शास्त्रज्ञांनी हे गणित २ मार्च १९७९ ला छापलं. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. ९ मार्चला यानाचा मार्ग तपासणाऱ्या लिंडा मोराबिटो एक फोटो बघत होत्या. तो आयोचा म्हणून काढलेलाच नव्हता. मागचे तारे दिसावेत म्हणून मुद्दाम जादा उजेड घेतलेला, त्यामुळे आयो पांढराफटक. त्याच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी वर आलेलं. पृथ्वीबाहेरचा पहिला धगधगता ज्वालामुखी असा, रस्ता शोधायच्या फोटोत सापडला.

हाच पीळ सौम्य प्रमाणात युरोपाला पडतो. बर्फाखाली तिथेही समुद्र असावा आणि तो गोठू नये यामागे मोठं कारण हेच.

‘नवा चंद्र’ जो कडं निघाला

१० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यापुढून सरकणार होता. अमेरिकन चमू दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर टिपणं घेत होता. तमिळनाडूत कावलूरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. युरेनसची कडा ताऱ्याला भिडण्याआधीच ताऱ्याचा उजेड क्षणभर कमी झाला. कावलूरच्या जोडीने ‘नेचर’मध्ये छापलं: युरेनसचा नवा उपग्रह. विमानातल्यांना तारा ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर डोळे मिचकावताना दिसला आणि कोडं सुटलं. चंद्र नव्हता, कडी होती. एकही फोटो न काढता सापडलेली.

दोनच वर्षांत व्हॉयेजर १ ने गुरूचंही कडं टिपलं. त्यासाठी एकच फोटो, अकरा मिनिटांचा. तोवर यान इतकं हललं की मागचे तारे केसांच्या पिनांसारखे वाकडे उमटले. कडं मात्र आलं.

पॅनिंग, तीन अब्ज किलोमीटरवर

रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो काढताना कॅमेरा गाडीबरोबर फिरवतात. गाडी नीट येते, मागची झाडं पुसली जातात. याला फोटोग्राफर पॅनिंग म्हणतात. २४ जानेवारी १९८६ ला व्हॉयेजर २ युरेनसपाशी पोचलं तेव्हा हेच करावं लागलं. तिथे सूर्याचा उजेड पृथ्वीच्या सुमारे ३७० पट कमी. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि यान तर भन्नाट वेगात. कॅमेरा फिरवणारी यंत्रणा शनीपाशी एकदा अडकून बसलेली, तिच्यावर फार भरवसा नको. मग अख्खं यानच हळूहळू वळवलं. तशी आज्ञा पृथ्वीवरून आधीच पाठवून ठेवलेली, कारण हाक मारली तर पोचायला पावणेतीन तास.

त्यातून युरेनसचा चंद्र मिरांडा दिसला. व्यास ४७० किलोमीटर आणि अंगावर असा एक कडा, ज्याच्या उंचीचे अंदाज वीस किलोमीटरपर्यंत जातात. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावणाऱ्यांनी यावर एक क्षण थांबावं. तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं आहे की वरून सुटलेला दगड तळाला पोचायला मिनिटं लागतील.

कळसूबाईपेक्षा उंच, तेही कड्यात

शनीची मुख्य कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरली आहेत. जाडी? बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. वाड्याची तीन मजली माडीही त्यातून वर डोकावेल.

मग या सपाटीवर उंचवटे आहेत का हे कळणार कसं? वरून बघून काही कळत नाही. कॅसिनीच्या मंडळींनी ११ ऑगस्ट २००९ ची वाट पाहिली. शनीवर दर पंधरा वर्षांनी सूर्य कड्यांच्या बरोबर पातळीत येतो आणि उजेड कडेकडेने पडतो. संध्याकाळी ढेकळांच्या सावल्या जशा लांबतात, तशा कड्यांवर सावल्या लांबल्या. ‘बी’ कड्याच्या बाहेरच्या काठावर सुळक्यांची रांग उभी दिसली, काही अडीच किलोमीटर उंच. कळसूबाई १६४६ मीटर.

पॅन नावाचा कड्यांतला चंद्र २०१७ मध्ये जवळून टिपला तेव्हा त्याच्या कंबरेभोवती कड्यातलीच धूळ साठून चुणी पडलेली निघाली. परदेशात लोक म्हणाले, रॅव्हिओली. आपण म्हणू, मुरड घातलेली गोल करंजी.

राहून गेलेली एक आज्ञा

कॅसिनीबरोबर युरोपचं होयगन्स यान गेलं होतं. १४ जानेवारी २००५ ला ते पॅराशूटने शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. फोटो दोन वाटांनी कॅसिनीकडे जाणार होते. त्यातल्या एका वाटेचा रिसीव्हर चालू करायची आज्ञा आज्ञावलीत घालायचीच राहून गेली. सातशेपैकी जवळपास निम्मे फोटो अवकाशात विरले. उरलेल्यांत नारिंगी धुक्याखाली वाळलेल्या नदीसारखं पात्र आणि त्यात गोलसर गोटे दिसले. भीमेच्या पात्रात असतात तसेच दिसणारे, पण बर्फाचे. तापमान उणे १८०.

गॅलिलिओ यानाची कथा याहून बिकट. त्याची मुख्य अँटेना छत्रीसारखी उघडायची होती, १९९१ मध्ये ती अर्धवट अडकली ती अडकलीच. सेकंदाला लाखभर बिटांची वाट दहा ते शंभर बिटांवर आली. आठ वर्षं गुरूभोवती फिरत त्याने फितीवर फोटो साठवले आणि थेंबथेंब पाठवले. युरोपाच्या भेगाळ बर्फाचे ते फोटो अजून पाठ्यपुस्तकात आहेत.

सव्वा वर्षाचं डाउनलोड

१४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स प्लूटोपासून साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. केतकरांच्या ब्रह्माचं पहिलं दर्शन म्हणायला हरकत नाही. नायट्रोजनच्या बर्फाचं पठार, भोवती पाण्याच्या बर्फाचे साडेतीन किलोमीटर उंचीचे डोंगर. जवळून जायला लागले काही तास. ते सगळं पृथ्वीवर उतरवून घ्यायला २५ ऑक्टोबर २०१६ उजाडला. वेग सेकंदाला एक-दोन हजार बिट. व्हॉट्सअ‍ॅपवर गोल फिरत राहणारं चक्र बघून चिडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. यानात थोडी राखही होती, प्लूटो शोधणाऱ्या टॉम्बॉची.

इतक्या क्षीण लहरी पकडायची हातोटी पुणे जिल्ह्यातही आहे. कासुर्डीपासून सरळ उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा संदेश थेट ऐकायचं काम या तबकड्यांकडे होतं. संदेश ऐकू आला आणि उतरण्याच्या जरा आधी थांबला. यान आपटलं होतं. बर्फाळ चंद्रांशी खोडदचा संबंध तसा लांबचा, पण गुरूभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांचं निरीक्षण इथून झालं आहे. आणि हे पट्टे म्हणजे कॅमेऱ्यांचे वैरी.

शेकून बरा केलेला कॅमेरा

गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाचा जूनोकॅम हा त्या पट्ट्यांतून जाऊन जाऊन बिघडला. २०२३ च्या अखेरीस फोटोत नुसते पट्टे आणि मुंग्या. ३० डिसेंबरला आयोच्या जवळून जायचं होतं, फक्त पंधराशे किलोमीटरवरून. साठ-सत्तर कोटी किलोमीटरवर मेकॅनिक कोण पाठवणार? मंडळींनी कॅमेऱ्याचा हीटर लावला. आधी कॅमेरा २५ अंशांपर्यंत तापवला, म्हणजे आपल्याकडचा हिवाळ्यातला दुपारचा पारा. तेवढ्याने भागेना, मग आणखी जोरात. धातू तापवून त्यातले दोष बसवतात तीच युक्ती. भेटीच्या काही दिवस आधी फोटो सुधारले आणि आयो स्वच्छ आला.

जूनोकॅमचे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी फुकट ठेवते. त्यातले रंग जुळवून जगभरातली हौशी मंडळी फोटो सजवतात, आणि वर्तमानपत्रात आपण बघतो त्यांतले कित्येक गुरू अशा हौशी लोकांनीच रंगवलेले असतात.

आपला फोटो, आपण झोपेत

१९ जुलै २०१३ ला कॅसिनी शनीच्या सावलीत गेलं आणि मागे वळून त्याने कड्यांसकट सूर्याच्या बाजूचा सगळा देखावा टिपला. १४१ फोटो जोडून केलेलं चित्र. खाली उजवीकडे, १४४ कोटी किलोमीटरवर, एक फिकट निळा ठिपका. अमेरिकेत लोकांना आधी सांगून ठेवलं होतं, बाहेर या, आकाशाकडे बघून हात हलवा. तिथे दिवस होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. कासुर्डीही त्या ठिपक्यात आहे, अंधाऱ्या बाजूला, गाढ झोपलेली.

पुढची बस

युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आहे, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून पन्नासेक फेऱ्या मारेल. युरोपचं ज्यूस एप्रिल २०२३ मध्ये निघालं, ते २०३१ ला पोचणार. नंतर ते गॅनिमीडभोवतीच फिरू लागेल. आपला चंद्र सोडून दुसऱ्या कुठल्या चंद्राच्या कक्षेत आजवर एकही यान शिरलेलं नाही. गॅनिमीडचा व्यास ५२६८ किलोमीटर, बुध ग्रहाहून जास्त.

हा गॅनिमीड बघायला मात्र तोपर्यंत थांबायची गरज नाही. गुरू आकाशात वर असताना हायवेच्या दिव्यांपासून जरा आत, उसाच्या बांधावर जा. दहा पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण खांबाला टेकवून धरा, हात हलला तर काही दिसणार नाही. गुरूच्या शेजारी एका रेषेत चार ठिपके असतील, कधी तीन. सहसा त्यांतला सगळ्यात ठळक गॅनिमीड. दुसऱ्या रात्री परत बघा, ठिपक्यांनी जागा बदललेल्या असतील. शनीची कडी बघायची तर छोटी का होईना खरी दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याकडे धार करून उभी होती, म्हणून जवळजवळ गायब झालेली. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील, २०३२ च्या सुमारास पुरती.